वीस मिनिटं कॅमेरा बंद

रास अल खैमाच्या टाइल्सच्या फॅक्टरीत मी ग्लेझच्या लॅबमध्ये रुजू झाले आणि तिसऱ्याच दिवशी टाइल्स तपासणाऱ्या काकांनी माझा अख्खा लॉट नापास केला. ग्लेझ म्हणजे टाइलवरचा तो काचेसारखा चकचकीत थर. त्याचं मिश्रण मी केलं होतं, आणि पुण्याहून निघताना मी स्वतःबद्दल बरंच काही समजून निघाले होते. तेव्हा तावातावाने भट्टीच्या टोकाशी गेले. टाइल्स पट्ट्यावरून सरकत येत होत्या. वर ट्यूबलाइटची रांग होती, आणि तिच्याखाली एक किडकिडीत, काळासावळा, पन्नाशी ओलांडलेला माणूस मान एका खांद्यावर टाकून उभा होता. हातातल्या खडूने तो मधूनच एखाद्या टाइलवर फुली मारायचा आणि तोंडाने बारीक आवाजात म्हणायचा, "खलास." फुली मारलेली टाइल पुढे चुऱ्याच्या मशीनमध्ये जायची.

"इसमें क्या प्रॉब्लेम है? मुझे तो कुछ नहीं दिखता," मी म्हटलं.

माझं हिंदी ऐकून त्यांनी लगेच मराठी धरली. "सरळ बघताय म्हणून नाही दिसत. मान वाकडी करा, मॅडम. उजेड बाजूने येऊ द्या."

मी मान वाकडी केली. त्या गुळगुळीत पांढऱ्या टाइलवर सुईने टोचल्यासारखी शेकडो भोकं होती.

"तुमचं ग्लेझ भट्टीत श्वास सोडतंय," ते म्हणाले. "उद्या नीट होईल. इन्शाल्ला."

फॅक्टरीत सगळे त्यांना चाचा म्हणत. मी काका म्हणू लागले. त्यांनी मला कामावर नेहमी मॅडमच म्हटलं, आणि फॅक्टरीच्या बाहेर, आनंदात किंवा रागात असले की एकदम मालवणीत जाऊन 'गो' म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं एका टेबलावर बसायचो. एकदा मी डब्यात तळलेला बांगडा आणला. वेंगुर्ल्याकडचा माणूस, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, म्हणून मुद्दाम दोन तुकडे जास्त आणले होते. काकांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"नको. तो माझ्या ओळखीचा आहे."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते गंभीर होते. त्यांचा नियम असा होता की ज्याचा फोटो काढला त्याला खायचं नाही. पाण्याखाली फोटो काढायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी इथला हमूर मासा ताटातून गेला. मग शेरी गेली, साफी गेली. बांगड्यांचा थवा एकदा बोटीखालून जाताना बोट चुकून बटणावर पडलं आणि बांगडाही गेला, त्याचं दुःख त्यांना अजून होतं. आता सगळ्या समुद्रातून एकटी सुरमई उरली होती.

"आणि सुरमई समोर आली तर?"

"डोळे मिटून घेतो," काका म्हणाले. "एवढं तरी राहू दे माणसाला."

दर शुक्रवारी पहाटे ते आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीतून डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर, दिब्ब्याला जायचे. तिथून डायव्हिंगवाल्यांची बोट निघते. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, आणि छातीशी जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेला कॅमेरा. या छंदाची सुरुवात एका पुस्तकापासून झाली होती. भट्टीची मशीन बसवायला आलेला एक इटालियन इंजिनीअर देश सोडून जाताना घरातलं सामान वाटून गेला, त्यात काकांच्या वाट्याला इस्त्री, दोन उशा आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. पानोपानी फोटो: कॅरिबियन समुद्रातले प्रवाळ आणि त्यावर राहणारे जीव. काकांना वाटलं की हा इथलाच समुद्र. ते मास्क घेऊन दिब्ब्याला गेले आणि सहा महिने पहिल्या पानावरचा मासा शोधत राहिले. शेवटी बोटीवरच्या कुणीतरी पुस्तक उघडून सांगितलं, चाचा, हा समुद्र पृथ्वीच्या त्या बाजूला आहे.

दुसऱ्या कुणी पुस्तक फेकून दिलं असतं. काकांनी पेन्सिल घेतली. तिकडच्या प्रत्येक माशाशेजारी इकडच्या त्याच्या चुलत भावाचं नाव लिहायला सुरुवात केली, आणि नावं सगळी स्वतःच ठेवली. इथे एक निळाजांभळा, ताटाएवढा मासा असतो, त्याच्या अंगावर मधोमध पिवळा डाग. तो 'हळदीचा हात'. दगडाच्या भोकातून नुसतं डोकं बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघणारी बोटभर मासोळी ती 'शेजारीण'. आपल्या वीतभर जागेत कुणालाही येऊ न देणारा, स्वतःहून दसपट मोठ्याच्या अंगावर धावून जाणारा एक चिमुकला काळा मासा होता. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'प्रॉडक्शन मॅनेजर'.

"या पुस्तकातले फोटो ज्याने काढले ना," काका म्हणायचे, "त्याला घाई नव्हती. बघा, एकही मासा घाबरलेला नाही."

तिकडे एकदा जायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पण इकडे मात्र त्यांनी अकरा वर्षं एकाच दगडाचे फोटो काढले. एका छोट्या टेम्पोएवढा तो दगड होता, पाण्याखाली तीन-चार माणसं खोल. त्याच्या माथ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखं तपकिरी-गुलाबी प्रवाळ. काका त्याला 'बिऱ्हाड' म्हणत. बोटीवरचे बाकीचे लोक कासवांच्या मागे जात. काका बिऱ्हाडापाशी उतरत, ठरलेल्या पाच बाजूंनी पाच फोटो काढत, मग उरलेल्या हवेत जे भेटेल त्याचे. एकदा तिथे बसएवढा देवमुशी मासा आला. बोटीवर आरडाओरडा, पाण्यात धावपळ, लोक रडले म्हणे आनंदाने. काका त्या वेळी त्याच्याकडे पाठ करून एका कोळंबीचा फोटो काढत होते. वर आल्यावर त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. मजेत होता ना?"

त्यांचा आणखी एक नियम होता. खाली उतरल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा बंद. "कुणाच्या घरी गेल्यावर आपण दारातूनच फोटो काढत सुटतो का? आधी बसायचं. त्यांनी पाणी विचारलं पाहिजे."

मधे देशाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारवरून बदलली आणि आमच्या फॅक्टरीने रविवार धरला. काकांनी अर्ज केला, माझी सुट्टी शुक्रवारीच ठेवावी. एचआरमधला माणूस म्हणाला, "हबीबी, रीझन लिखना पडेगा." काकांनी लिहिलं, 'माशांना नवीन कॅलेंडर कळलेलं नाही.' अर्ज मंजूर झाला. रविवारी भट्टीवर कुणीतरी लागतच होतं, हे खरं कारण. पण काका तो कागद जपून ठेवायचे.

त्यांची बायको गावाला असायची. रोज दुपारी तिचा फोन यायचा आणि स्पीकरवर पहिला प्रश्न हाच, "मासे बरे आसत मा?" त्यानंतर काकांची तब्येत.

मला स्वतःला पाण्याची भीती होती. सात वर्षांची असताना मामाच्या गावी विहिरीत पडले होते. कुणीतरी केसाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून डोक्यावरून पाणी ओतून घ्यायचं म्हटलं तरी माझा श्वास अडकायचा. हे मी कुणाला सांगत नसे. सुट्टी अजून शुक्रवारी होती तेव्हाची गोष्ट. एकदा नवरा आणि मुलीला घेऊन मी काकांबरोबर दिब्ब्याला गेले. काका किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहून खाली बघत काहीतरी बोलत होते. नऊ वर्षांची माझी मुलगी मला म्हणाली, "आई, ही इज टॉकिंग टू द फिश." काकांनी तिला विचारलं, "तुला बोलायचंय?" ती म्हणाली, "व्हॉट लँग्वेज?" काका म्हणाले, "हळू."

नवरा आणि मुलगी मास्क लावून पाण्यात गेले. मी वाळूत बसून राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत बसताना काकांनी हळूच विचारलं, "कुठे पडला होता? नदीत का विहिरीत?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या लॅबमध्ये एक निळी बादली घेऊन आले. तीत पाणी भरलं आणि मास्क माझ्या हातात दिला. "तोंड घाला. पाच सेकंद. मी दार लावून घेतो, कुणी बघणार नाही."

पाच सेकंद मला जमले नाहीत. दोन जमले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. ते रोज यायचे, बादली भरायचे, घड्याळ हातात धरून उभे राहायचे आणि एकही उपदेश करायचे नाहीत. एकदा चीफ केमिस्ट अचानक आत आला आणि मी बादलीत तोंड घालून उभी असलेली बघून तसाच मागे फिरला. महिन्याभरात मी मिनिटभर तोंड पाण्यात ठेवू लागले. मग बादलीच्या तळाशी त्यांनी टाइलचे तुकडे टाकले आणि त्यातले नापास तुकडे पाण्याखालून ओळखायला लावले. मी ते ओळखत असताना घाबरायचं विसरून गेले, आणि हे घरी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. पुढे हिवाळ्यात तलावात पोहायला शिकले, डायव्हिंगचा कोर्स केला, सर्टिफिकेट घेतलं. काका म्हणाले, "आता बिऱ्हाडी चला. पाहुणी म्हणून."

त्या पहिल्या दिवशी मी दगडासमोर गुडघे टेकल्यासारखी तरंगत होते आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एक मोठा दगड, त्यावर तपकिरी गड्डे, आणि माझ्याच श्वासाचा घुरघुर आवाज. काकांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. थांब. पाच मिनिटं गेली. मग एका भोकातून शेजारणीचं डोकं वर आलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि ती तिथेच थांबली. त्या एका डोक्यानंतर दगड जणू उघडत गेला. फटीतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी मिशा हलवत बाहेर आली. कपारीतल्या ठिपक्याठिपक्यांच्या, सापासारख्या वाम माशाने तोंड उघडलं, मिटलं. प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या मास्कच्या काचेवर येऊन दोनदा आपटला. विसाव्या मिनिटाला मला कळेना की हे सगळे आधी कुठे होते. काकांनी कॅमेरा चालू केला. कुणीही दचकलं नाही.

वर आल्यावर मी रडत होते. मास्कमुळे ते कुणाला दिसलं नाही. काकांनी मात्र आपला कोरडा टॉवेल माझ्याकडे सारला आणि दुसरीकडे बघत राहिले.

काकांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं. नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि माणसाने घरी जायचं, हे इथे येताना प्रत्येकाला माहीत असतं. काकांनी साठवलेली सगळी सुट्टी एकदम मागितली आणि कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटाचं तिकीट काढलं. व्हिसा मिळवायला चार महिने गेले. फॅक्टरीत ज्याला-त्याला ते पुस्तकातलं एक पान दाखवायचे, "इथे उतरणार. नेमका इथे." स्वभावाने अबोल माणूस, पण त्या दिवसांत कॅन्टीनवाल्यालाही कॅरिबियनची हवा सांगत होता. निघायला दहा दिवस होते. सप्टेंबर सुरू होता आणि त्या वर्षी समुद्राचं पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं तापलं होतं.

त्या शुक्रवारी ते बिऱ्हाडाला निरोप द्यायला गेले. शनिवारी कामावर आले तेव्हा त्यांनी अर्धा दिवस एकाही टाइलवर फुली मारली नाही. दुपारी कॅमेऱ्याचा पडदा माझ्यासमोर धरला. सगळा दगड पांढरा पडला होता. चुना फासल्यासारखा पांढराफटक. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातला रंग आणि अन्न देणारे बारीक जीव बाहेर टाकतं, हे मला नंतर वाचून कळलं. तशा अवस्थेत ते काही आठवडे तग धरतं. तेवढ्यात पाणी निवलं तर वाचतं, नाहीतर मरतं.

सोमवारी काकांनी तिकीट रद्द केलं.

प्रॉडक्शन मॅनेजर, म्हणजे माणसांतला, स्वतः खाली आला. "चाचा, पागल हो गए क्या? इतने साल से बोल रहे हो, और अब एक पत्थर के लिए?"

"साहेब," काका म्हणाले, "घर में कोई बीमार हो तो घूमने जाता है क्या कोई?"

"लेकिन तुम वहाँ बैठ के करोगे क्या? डॉक्टर हो?"

काका म्हणाले, "बसूंगा."

आणि ते खरंच बसले. सुट्टीचे सगळे दिवस ते दिब्ब्याला जात राहिले. एकट्याने उतरायला परवानगी नसते, म्हणून इतर दिवशी बोटीवरचा फिलिपिनो इन्स्ट्रक्टर त्यांच्याबरोबर उतरायचा आणि रविवारी मी. रोज तेच पाच फोटो. पहिल्या आठवड्यात पांढरा रंग. तिसऱ्या आठवड्यात त्यावर हिरवट शेवाळाची लव दिसू लागली. शेवाळ धरलं म्हणजे तिथलं प्रवाळ मेलं. शेजारणीचं भोक रिकामं पडलं. हळदीचा हात दुसरीकडे राहायला गेला. माणसांतल्या मॅनेजरची बदली झाली असती तर मला काही वाटलं नसतं, पण तो चिमुकला काळा मासा शेवाळलेल्या गड्ड्याभोवती तसाच पहारा देत फिरायचा, ते बघवत नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका रविवारी काका वर आले, कॅमेरा पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"खलास," ते म्हणाले.

इतकी वर्षं हा शब्द मी भट्टीच्या टोकाशीच ऐकला होता.

पुढच्या रविवारी ते यायलाच तयार नव्हते. मी त्यांच्या खोलीवर गेले आणि म्हटलं, निदान बोटीत बसा, मला एकटीला भीती वाटते. ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं. तरी आले. बोटीत डोक्याला टॉवेल गुंडाळून बसून राहिले. त्यांचा कॅमेरा घेऊन मी इन्स्ट्रक्टरबरोबर उतरले.

पाणी आता गार झालं होतं. वीस मिनिटं मी नुसती बसले. कुणी आलं नाही. मग ठरलेले पाच फोटो काढले. निघायच्या आधी, काही आशा होती म्हणून नव्हे, तर परत जाऊन त्या माणसाला काय सांगायचं हे सुचत नव्हतं म्हणून, मी दगडाच्या उत्तरेकडच्या आडोशाखाली डोकं घातलं. तिथे ऊन पोचत नसे. टॉर्च आडवा धरला. पांढऱ्या गड्ड्याच्या अगदी बुडाशी, तीन बोटं मावतील एवढ्या जागेत, तपकिरी रंग होता. सावली असेल म्हणून मी टॉर्च दुसऱ्या बाजूने धरला. रंग तसाच राहिला. जवळ गेले तेव्हा त्या तपकिरी जागेवर केसांहून बारीक असे अंकुर हलत होते. प्रवाळातले जीव जेवत होते.

घाईत पहिले सहा फोटो वाया गेले.

बोटीवर चढल्याबरोबर मी कॅमेरा काकांपुढे धरला. त्यांनी एक नजर टाकली. "सावली आहे."

"नाही, काका."

"दक्षिणेकडून उजेड घेतलात, म्हणून तसं दिसतंय."

"दोन्हीकडून घेतला. पुढचा फोटो बघा. मान वाकडी करून बघा."

त्यांनी मान वाकडी केली. मग टॉवेल डोक्यावरून काढला आणि आपले फिन्स शोधू लागले. इन्स्ट्रक्टरने त्यांचा हात धरला. आम्ही दोघं नुकतेच वर आलो होतो, नियमाप्रमाणे पुन्हा उतरण्याआधी आम्हाला तासभर थांबणं भाग होतं, आणि काकांना एकटं सोडता येत नव्हतं. "वन अवर, चाचा."

त्या तासाभरात काका जेवढं बोलले तेवढं गेल्या सात वर्षांत बोलले नव्हते. बायकोबद्दल बोलले, की लग्नानंतर एकूण दिवस मोजले तर दोघं चार वर्षंसुद्धा एकत्र राहिले नसतील. वडिलांबद्दल बोलले, की त्यांच्या होडीत बसून मासे धरताना आपल्याला मासा जाळ्यात आल्यावरच दिसायचा, आणि पोरगा असताना वाटायचं, हा खाली काय करत असेल. मग कायमचं गावी परतण्यावर आले, आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "एकतीस वर्सां झाली. माका थंय आता कोण वळाखतलो गो?"

मी म्हटलं, "आधी वीस मिनिटं बसायचं, काका. मग ओळखतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले.

तास संपला. आम्ही तिघं उतरलो. मी त्यांना उत्तरेच्या आडोशाखाली नेलं आणि टॉर्च धरला. काकांनी कॅमेरा मागितला नाही. ते त्या तीन बोटं जागेसमोर हात मागे बांधून तरंगत राहिले, जसे आपण पाळण्यात निजलेल्या मुलाला हात न लावता बघतो. मग त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. ते हसत होते, आणि हसलं की गालाला सुरकुत्या पडून मास्क गळतो. वर आल्यावर त्यांनी पहिला फोन बायकोला लावला. "जिवंत आसा," एवढंच म्हणाले. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन बराच वेळ चालला.

डायव्हिंगवाल्यांकडून ही गोष्ट पर्यावरण खात्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंपर्यंत गेली. त्या काकांच्या खोलीवर आल्या. काकांनी कॉम्प्युटर उघडला. अकरा वर्षांचे शुक्रवार, प्रत्येक शुक्रवारचे तेच पाच फोटो, त्याच पाच बाजूंनी. बाई एकेक फोटो पुढे सरकवत गेल्या. एका दगडाचं असं सगळं आयुष्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कुठल्या संस्थेसाठी हे काम करता?" काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "टाइल्स."

त्या फोटोंवरून बाईंना दिसलं की आधीच्या दोन कडक उन्हाळ्यांतही आडोशाकडचे तेच गड्डे टिकले होते. काकांच्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात त्या गड्ड्यांच्या बोटभर फांद्या काढून बाईंच्या माणसांनी त्या जाळीवर वाढवल्या आणि बिऱ्हाडाच्या माथ्यावर परत लावल्या. ज्या दिवशी लावल्या त्या दिवशी काका खाली होते. बाईंच्या माणसाने त्यांना एक फांदी लावायला दिली. काकांनी ती हातात धरली, न्याहाळली, आणि परत त्याच्याच हातात दिली. वर आल्यावर मी विचारलं, का हो? म्हणाले, "माझा हात टाइलचा. जोरात दाबला असता तर?"

फॅक्टरीने निरोप समारंभ केला. मॅनेजरने भाषणात 'वो पत्थरवाला' असा उल्लेख केला, आणि तोही अभिमानाने, हे मी स्वतः ऐकलं. माझ्या नवऱ्याने त्यांना विचारलं, "काका, मग कॅरिबियन राहिलंच ना हो?" त्यात त्यांना चुटपुट वाटली असेल तर चेहऱ्यावर दिसली नाही. "तो समुद्र थंयच आसा," ते म्हणाले. मला वाटलं होतं, कॅमेरा ते मला देऊन जातील. मी तसं बोलूनही दाखवलं. काकांना धक्काच बसला. "माझा कॅमेरा? तुमचा तुम्ही घ्या, मॅडम!"

मी घेतला. आता रविवारी मी जाते. बिऱ्हाडाच्या माथ्यावर तपकिरी रंग ताटाएवढा पसरलाय. मधे मुलीलाही नेलं होतं, तिने वर आल्यावर बारा प्रश्न विचारले, त्यातले दोन मराठीत.

काका गावी गेले आणि पहिले तीन महिने त्यांचा काही निरोप नाही. मी घाबरले होते. तिकडचा समुद्र मी पाहिलाय. खाडीचं पाणी, गाळ, हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. मग एके दिवशी मोबाइलवर त्यांच्याकडून एक फोटो आला. नुसता हिरवा. पुढच्या आठवड्यात आणखी एक, तोही हिरवा, जरा गडद. काकी होडीत बसते, दोर धरते आणि काका त्या दोराला धरून गावातल्या एका बुडलेल्या खडकापाशी उतरतात, असं कळलं. गावात आधी लोक हसले. आता होडीपाशी येऊन विचारतात, आज काय दिसलं? बरेच आठवडे काही दिसलं नाही. फोटो मात्र चुकला नाही. मी आणि मुलगी तो हिरवा चौकोन मोठा करून करून बघायचो आणि काही सापडतंय का शोधायचो.

गेल्या आठवड्यात आलेल्या फोटोत उजव्या कडेला काहीतरी आहे. धुरकट, चंदेरी, वाकलेलं. खाली काकांनी स्वतः टाइप केलंय:

"पाणी गढूळ. आज अर्धो मासो दिसलो. शेपटेकडचो. तोंड बघूचा रवला."